वळणात येणारी खोली

१

दार उघडणारं करायचं नाही, हा माझा पहिला नियम. घराबाहेर, उन्हापावसात राहणाऱ्या छोट्या लाकडी इमारतींना बिजागऱ्या लावायचा हट्ट नवशिके करतात. दोन पावसाळ्यांत दार फुगतं, फटीतून पाणी शिरतं आणि अख्खी इमारत आतून कुजते. मी फळीवर पटाशीनं दाराची रेघ कोरतो, कडीच्या जागी पितळी चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकतो आणि मोकळा होतो. खिडक्यांच्या मागे काळा रंग दिलेला पत्रा लावतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, आत खोल अंधारी खोली आहे. आत काहीच नसतं. संडास, कोळशाची खोली असल्या बारीकसारीक गोष्टी तर मी पोकळसुद्धा करत नाही. सागाचा भरीव ठोकळा घ्यायचा, बाहेरून पट्ट्या चिकटवायच्या, वर छप्पर. वाकत नाही, फाटत नाही, मुंगी शिरत नाही.

मागच्या अंगणात दादाची आगगाडी आहे. तिला खेळणं म्हटलेलं दादाला खपत नाही. डब्याच्या टपावर शेजारचं मांजराचं पिल्लू आरामात बसतं, एवढी ती मोठी आहे. फुलांच्या वाफ्यांमधून निघते, पाण्याच्या टाकीला वळसा घालते आणि आमच्या मागच्या पायरीपाशी स्टेशनात येऊन थांबते. रूळ, पूल, बॅटरी, वेळापत्रक हा दादाचा प्रांत. लाकूड माझा. माणूस माझ्या मधल्या बोटाएवढा धरायचा आणि बाकी सगळं त्या बोटाच्या मापानं बेतायचं. स्टेशन, गोदाम, केबिन, फाटकवाल्याची चौकी, सगळं मी केलंय. दादा मला सुतारपक्षी म्हणतो, मी त्याला ड्रायव्हरसाहेब. त्यानं जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले, इंजिनात एकदाही पाय ठेवला नाही. आई-बाबा लवकर गेले. दादानं मला वाढवलं, माझं लग्न लावून दिलं आणि स्वतःचं मात्र राहून गेलं. तो आमच्याकडे राहतो असं लोक म्हणतात. खरं म्हणजे आम्ही दोघं नवराबायको त्याच्या सावलीत राहतो.

त्याची खोली घराच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराला चिकटून बाहेर आलेली. दार थेट अंगणात उघडतं, म्हणजे उठल्याबरोबर गाडीपाशी. चहा हवा असला की तो आतून स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोनदा टकटक करतो. ही ओटा पुसता पुसता ओरडते, "ऐकू आलं, भावोजी! भिंत पाडू नका!" वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

यंदा दादाच्या डोक्यात आलं की स्टेशनाशेजारी आपलं हे राहतं घरही छोटं करून हवं. मी टेप घेऊन घराभोवती फिरलो, मापं काढली, बोटाच्या हिशोबात बसवली आणि जमिनीवर पुठ्ठा कापून ठेवून पाहिला. घर रुळावर येत होतं. मागची खोली नेमकी वळणात.

"रूळ जरा सरकव की," मी म्हणालो.

"वेडा आहेस का? वळण आवळलं तर गाडी घसरेल. तू घर काप."

"घर काय काकडी आहे, कापायला?"

"मग ती स्टेशनाची इमारत? खऱ्या स्टेशनाला किती खिडक्या असतात आणि तुझ्याला किती आहेत? तेव्हा नाही का कापलंस?"

बरोबरच होतं त्याचं. जागा पुरत नाही तेव्हा आम्ही लोक इमारत हळूच आखूड करतो. मधली एखादी खिडकी गाळतो, एखादा खण कमी करतो. ओळख पटली म्हणजे झालं. हे सगळेच करतात, यात लबाडी नाही.

"माझी खोलीच काप," दादा म्हणाला. "मी काय त्यात राहायला जाणार आहे?"

आम्ही दोघंही हसलो. मी खोली कापली.

२

घर सुरेख उतरलं. मागची भिंत खोलीशिवाय सपाट झाली होती, ती फार नवी दिसू नये म्हणून लोखंडाचा कीस घातलेलं व्हिनेगर ब्रशनं फासलं. त्यानं सागाचं लाकूड करडं, जुनं दिसतं. एक ओघळ जास्तच खाली आला आणि शेवटी त्याचा थेंब साचला. त्यात ब्रशचा एक केस अडकलेला मला नंतर दिसला. काढत बसलो नाही. अंगणात कोणाला दिसणार होता?

सकाळी स्टेशनाशेजारी घर स्क्रूनं घट्ट बसवलं. दादानं शिट्टी मारली. ती तो तोंडानंच मारतो, गाल फुगवून, आणि हुबेहूब. गाडी वळणावरून घराला घासते की काय अशी गेली, पण लागली नाही. ही चहा घेऊन आली. ट्रेमध्ये दोनच कप होते.

"दादाचा?" मी विचारलं.

ती क्षणभर दादाकडे बघत राहिली. अनोळखी माणूस नमस्कार करतो तेव्हा आपण आठवत उभे राहतो, तसं. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! डोकं ठिकाणावर नाही माझं."

"भावजयीनं चहा बंद केला," दादा म्हणाला. "म्हणजे आता आपले दिवस भरले." तिनं त्याला लटकं रागावून माझा कप दिला. मी काहीच मनात आणलं नाही. वय झालं की माणूस विसरतं.

पण दुसऱ्या दिवशीही दोनच कप होते. आणि या वेळी मी विचारल्यावर तिला जास्त वेळ लागला.

३

कोपऱ्यावरच्या टेलरकडे दादाची पँट खालून सोडायला दिली होती. दादा खांबासारखा उंच, त्याला बाजारात पँट मिळत नाही. मी आणायला गेलो तर टेलर ती घडी उलगडून माझ्यापुढे धरून उभा राहिला. मला ती छातीपर्यंत येत होती.

"ही तुमच्या नावावर आहे खरी," तो म्हणाला, "पण साहेब, तुमच्या घरात एवढं उंच कोण आहे?"

"मस्करी करू नका हो. दादाची आहे."

"कोण दादा?"

हा माणूस दर आठवड्याला दादाबरोबर कट्ट्यावर बसून पत्ते कुटतो. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत नव्हता. उलट मलाच काहीतरी झालंय अशा काळजीनं बघत होता. माझा पारा चढला, मी पँट ओढून घेतली आणि घरी आलो. हिला सामील करून घेऊन दादानं हा कट केला असणार, असं मला वाटलं. आता जाऊन कानउघाडणी करतो, म्हटलं.

दादा खोलीतच होता. पलंगावर, पाय पोटाशी घेऊन.

"असा काय बसलायस?"

"पाय पसरता येत नाहीत," तो म्हणाला. "अरे, हा पलंग कोणी सरकवला का? दाराला लागतोय बघ."

खरंच लागत होता. एरवी पलंग आणि दार यांच्यामध्ये त्याचं टेबल असतं, खुर्ची असते. टेबल आता पलंगावर चढवल्यासारखं वाटत होतं, म्हणजे चढवलेलं नव्हतं, पण ते दुसरीकडे कुठे उभं असेल हे माझ्या डोळ्यांना सांगता येईना. मी दारात उभा राहिलो आणि मला आत पाऊल टाकायची भीती वाटली. भर दुपारी, स्वतःच्या भावाच्या खोलीत.

"खिडकीही उघडत नाही रे," दादा म्हणाला. "गुदमरायला होतं. मी जाडा झालो की खोली आटली?"

तो विनोद करत होता. पण त्याचा चेहरा पडला होता. मला वाढवताना घरात काही नसलं की तो असाच विनोद करायचा.

"बाहेर ये," मी म्हणालो. "चल, गाडी चालव. आत बसू नकोस."

"येतो. जरा दम खातो आणि येतो."

मी त्याचा हात धरून तेव्हाच ओढला असता तर. पण मी पँट त्याच्या मांडीवर टाकली आणि स्वयंपाकघरात हिच्याशी भांडायला गेलो.

४

"अहो, कोण भावोजी?"

ती डाळ निवडत होती. मी ओरडलो तशी ताट बाजूला ठेवून उठली. "तुम्हाला कुठे आहे भाऊ? एकुलते एक ना तुम्ही? असं काय करताय?"

"आणि ही गाडी कोणाची आहे?"

"तुमची. तुम्हीच नाही का सगळं केलंत?"

तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. दोनदा.

"हा! ऐक!" मी म्हणालो.

"पाइप आहे तो. सकाळपासून वाजतोय. प्लंबरला बोलवा म्हटलं तर तुमचं लक्ष असतं का?"

मी धावत अंगणात गेलो.

खोली नव्हती. पडली नव्हती, मोडली नव्हती, नव्हतीच. घराची मागची भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट. खाली, जिथे दादाचं दार आणि पायरी होती, तिथे झेंडू लावलेले होते आणि ते चांगले वाढलेले, फुलावर आलेले होते. भिंत जुनी, करडी. तिच्यावर वरून खाली एक काळपट ओघळ आला होता आणि माझ्या कमरेच्या उंचीवर त्याचा थेंब साचला होता, परातीएवढा. त्या थेंबात काहीतरी रुतलेलं होतं. काळं, वाकडं, काथ्याच्या दोरीएवढं जाड. एक टोक भिंतीत, दुसरं बाहेर आलेलं. मी त्याला हात लावला. ते गुळगुळीत होतं आणि वाकवलं तर परत सरळ होत होतं.

तो केस होता. ब्रशचा.

मी झेंडूतच बसलो. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जन्मभर लाकूड मोजलं, ते जेवढं आहे तेवढंच असतं. पण माझ्या समोर भिंत होती आणि तिच्यावर माझ्या हातून सुटलेला ओघळ होता.

आतून शिट्टी आली. गाल फुगवून मारलेली, पण बारीक, उशीखालून यावी तशी.

"दादा!" मी भिंतीला तोंड लावून ओरडलो. "दादा, मी आहे!"

"सुतारपक्षी?" तो म्हणाला. "अरे, काहीतरी कर. लवकर कर."

५

आधी ते छोटं घर उचलून आपटायलाच हात घातला. स्क्रू आवळलेले होते म्हणून मी वाचलो, म्हणजे आम्ही सगळेच वाचलो. हात घातला आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात भांडी खणाणली आणि ही किंचाळली, "अहो, घर हललं का?" मी बोटं जळल्यासारखी मागे घेतली. तोडायचं नाही. काढायचं नाही. फक्त लावायचं.

खोली कापली होती, ती लावायची.

वळण आडवं येत होतं. दादाचं वळण, जे त्यानं अख्खा उन्हाळा उकिडवं बसून, पाणसळ लावून सपाटी बघत जमवलं होतं. मी कुदळ घातली. रूळ वाकले, खडी उडाली, गाडी आडवी झाली. मी रडत होतो आणि रूळ उपटत होतो. भिंतीच्या आत तो ऐकत असेल, आणि त्याला कशाचा आवाज आहे ते कळत असेल, असं सारखं वाटत होतं.

"अहो, काय चालवलंय?" ही पायरीवर आली होती. तिच्या हातात फोन होता. "मी डॉक्टरांना फोन करतेय. तुम्ही शांत बसा बघू. माझ्यासाठी बसा."

"कर फोन. कर. फक्त मला हात लावू नकोस."

पडवीत माझं टेबल आहे. लाकडाच्या तुकड्यांची पेटी उपडी केली. भिंतीवरची टकटक आता सलग नव्हती. दोनदा व्हायची, मग बराच वेळ काही नाही, मग एकदाच. पट्ट्या कापून, चौकट करून, कोपरे जोडून, गोंद वाळेपर्यंत शिकंज्यात धरून खोली उभी करायची तर दिवस गेला असता. आणि तेव्हाच पेटीच्या तळाशी तो सागाचा ठोकळा दिसला. विटेएवढा. मापाला नेमका. मी देवाचे आभार मानले, जे मी एरवी मानत नाही.

पट्ट्या चिकटवल्या. छप्पर ठोकलं. खिडकी कुठल्या बाजूला होती ते काही केल्या आठवेना. रोज बघितलेली खिडकी, तिच्या गजांना दादा टॉवेल वाळत घालायचा, तो टॉवेलसुद्धा दिसत होता पण तो कुठे वाळतोय ते दिसत नव्हतं. शेवटी टाकीकडच्या अंगाला केली. काळा पत्रा लावला. अंगणाच्या बाजूला पटाशीनं दार कोरलं, पितळी चूक घाईत ठोकली. हातोडी घसरून तिच्या डोक्यावर ओरखडा उठला, तो तसाच राहू दिला. वॉटरप्रूफ गोंद लावून ठोकळा भिंतीला दाबला आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. डोळे मिटले. गोंद कडेनं बाहेर येऊन बोटांना लागला. पुसला नाही.

ही माझ्या मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता दंड धरून उठवणार.

"हे काय," ती म्हणाली, "भावोजी अजून उठले नाहीत? उन्हं उतरली तरी?"

मी डोळे उघडले.

"काय म्हणालीस?"

"भावोजी हो. सकाळपासून चहाला हाक नाही त्यांची. बरं आहे ना त्यांना?" ती फोनकडे बघत होती, हा हातात कशाला घेतलाय असं. "आणि हे रूळ कोणी उपटले? आता ते तुम्हाला सोलून काढणार."

मी तिला मिठी मारली. भर अंगणात. तिनं मला ढकललं आणि ती हसायला लागली, आणि मी हसत रडत राहिलो. तिच्या खांद्यावरून मला दिसत होतं. खोली होती. घराच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराला चिकटून, छपरासकट उभी होती. झेंडू नव्हते. आतून दोनदा टकटक झाली, चांगली खणखणीत.

"ऐकू आलं, भावोजी!" ही ओरडली. "आणते!"

६

मी दारापाशी गेलो.

"दादा, झालं बघ. ये बाहेर. वळण मोडलंय, पण मी मदत करतो, दोघं मिळून परत घालू."

कडीला हात घातला. ती कडी नव्हती. पितळेची गोल, वाटीएवढी चकती होती आणि तिच्यावर तिरपा ओरखडा होता. ओढली तर हलली नाही. दाराच्या कडेला नखं घातली. कड नव्हती. रेघ होती, फळीत कोरलेली, मनगटाएवढी रुंद, आणि तिच्या तळाशी पुन्हा लाकूडच. भिंतीच्या खालच्या अंगाला, खोली जिथे घराला जोडली होती तिथे, काहीतरी पिवळट ओघळून गोठलं होतं. त्याच्यावर माझ्या बोटाचा ठसा होता. तो माझ्या तळहातापेक्षा मोठा होता.

मी खिडकीकडे पळालो. आत खोल अंधार दिसत होता. काचेवर मूठ मारली तर पत्रा वाजला.

"अरे, उघड की," आतून दादा म्हणाला. आवाज जवळून येत होता, दाराच्या अगदी मागून.

"उघडतो. थांब. थांब हं."

मी पडवीतून मोठी करवत आणली. बाकी कसलाही विचार करायचा नाही, एवढंच स्वतःला बजावत होतो. दार कोरलंय, दार कापता येतं. पोरालाही कळेल. करवतीचं पातं रेघेवर टेकवलं.

"दादा, मी कापतोय. तू दारापासून लांब हो. मागे सर."

मी कान लाकडाला लावला.

"दादा, ऐकू येतंय ना? मागे सर थोडा."

"कसा सरू?" तो म्हणाला. त्याला बोलायला त्रास होत होता, ओठ हलवायला जागा नसावी तसा. "सगळीकडे लाकूडच आहे रे."

तेव्हा मला तो ठोकळा आठवला. पेटीच्या तळातून उचलताना हाताला लागलेलं त्याचं छान, भरीव वजन आठवलं. करवत माझ्या हातात होती आणि पातं रेघेवर होतं, आणि ते कुठून आत जाईल आणि कशाला लागेल हे मला ठाऊक नव्हतं. मी ती पुढे ढकलू शकलो नाही, आणि खालीही ठेवू शकलो नाही.

मागून ही आली. तिच्या हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये तीन कप होते.

"भावोजी," ती दाराकडे बघून म्हणाली, "या लवकर. चहा गार होतोय."

आतून टकटक झाली. एकदाच.